शब्दांचं माहेर

अमेरिकेत सगळे एकच इंग्रजी बोलतात, अशी आपली समजूत असते. पण मैत्रिणींनो, बोली तिथंही बदलते बरं का! इंग्रजीत ‘यू’ एकालाही आणि दहांनाही. मग ‘तुम्ही सगळे’ म्हणायचं कसं? दक्षिणेकडच्या लोकांनी ‘यॉल’ केलं, पिट्सबर्गकरांनी ‘यिन्झ’. हे ‘यिन्झ’ अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडहून आलेल्या स्कॉटिश वंशाच्या लोकांचं. घर आवरायला त्या भागात ‘रेड अप’ म्हणतात, तेही त्यांचंच. न्यू यॉर्कमध्ये दारापुढच्या पायऱ्यांना ‘स्टूप’ म्हणतात. हा शब्द डच, कारण 1664 पर्यंत तिथं डचांचं राज्य होतं.

मला सगळ्यात आवडला तो लुईझियानातला ‘लान्याप’. दुकानदारानं खरेदीवर फुकट दिलेलं थोडंसं. आपली भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर टाकते ना, अगदी तसंच! दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआ भाषेतला हा शब्द स्पॅनिश लोकांनी उचलला आणि तिथून तो न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच बोलीत आला.

काही शब्दांमागे मात्र दुःख आहे. दक्षिणेत शेंगदाण्याला ‘गूबर’ म्हणतात. तो आफ्रिकेतल्या काँगो भागातला ‘न्गुबा’. ‘गंबो’ या रश्शाच्या नावात भेंडीचा आफ्रिकी शब्द दडलाय. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांचं घरदार गेलं, नावंसुद्धा बदलली गेली. पण चुलीपाशी बोललेले शब्द टिकले.

हे शब्द जपायला फ्रेडरिक कॅसिडी या प्राध्यापकांनी बोलीकोशाचं काम हाती घेतलं. 1965 ते 1970 या काळात त्यांची माणसं ‘वर्ड वॅगन’ नावाच्या गाड्या घेऊन 1002 गावांत फिरली. घर, हवा, शेती, खाणंपिणं यांवर सोळाशेहून अधिक प्रश्न त्यांनी 2777 लोकांना विचारले. त्यातले निम्म्याहून अधिक साठीच्या पुढचे! पहिला खंड 1985 मध्ये आला. कॅसिडी 2000 मध्ये गेले. पुढची धुरा जोन ह्यूस्टन हॉल या बाईंनी सांभाळली आणि 2012 मध्ये कोश ‘झेड’पर्यंत पोचला.

हे वाचताना मला आमच्या बचत गटातल्या बायका आठवल्या. एकमेकींत घडाघडा बोलतात, पण बँकेत साहेबांपुढे गप्प! का, तर ‘आमचं बोलणं गावंढळ, लोक हसतात.’ अमेरिकेतल्या डोंगराळ भागातल्या लोकांनाही बोलीवरून अशीच हसणारी माणसं भेटली. पण विद्यापीठातली माणसं त्यांच्याच ओसरीवर वही घेऊन बसली. अडाण्यांची चूक म्हणून त्यांनी एकही शब्द टाकून दिला नाही.

आपल्या घरातही सासूबाई, आजेसासूबाई असतात. भांड्यांचे, पावसाचे, दुखण्याखुपण्याचे त्यांचे शब्द आज दुपारीच विचारा आणि वहीत उतरवा. शब्द, अर्थ आणि गाव, एवढं पुरे. आणि लेकीनं आजीचा एखादा शब्द शाळेत वापरला, तर तिला हसू मात्र नका.