पेटीतली चिठ्ठी कोण वाचतो?

बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या काही सरकारी माध्यमिक शाळांमध्ये दहा वर्षांपूर्वी एक पेटी ठेवण्यात आली. मनात सलणारे काहीही कागदावर लिहायचे, नाव घालायचे किंवा नाही घालायचे, आणि चिठ्ठी पेटीत टाकायची. महाराष्ट्रातल्या पालकांना यात नवल वाटणार नाही. तक्रारपेटी आपल्याकडच्या शाळांतही भिंतीवर असते. तिचे कुलूप किती वेळा उघडते हा भाग वेगळा. नालंदातल्या पेटीचे महत्त्व तिच्या असण्यात नव्हते. त्यातली चिठ्ठी कोणाच्या हातात जाते, यावर तिथे एक मोठा प्रयोग चालला होता.

‘सेहर’ नावाचा हा प्रयोग गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने केला. जिल्ह्यातल्या ७४ शाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडण्यात आले. एका गटात राज्य सरकारचा नेहमीचा जीवनकौशल्याचा अभ्यासक्रम तेवढा होता. दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला शाळेतल्याच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन मुलांच्या मनःस्वास्थ्याचे काम सोपवले. तिसऱ्या गटात तेच काम, तेच प्रशिक्षण, पण माणूस बाहेरचा. तो डॉक्टर नव्हता, मानसशास्त्रज्ञही नव्हता. स्थानिक, शिकलेला, ऐकून घेण्याची तयारी असलेला कार्यकर्ता, एवढीच त्याची ओळख. तो भित्तिपत्रक चालवायचा, मुलांचे गट बांधायचा, पेटीतल्या चिठ्ठ्यांवर उपाय काढायचा आणि ज्याला बोलायचे असेल त्याच्याशी एकट्याने बोलायचा.

नववीतल्या तेरा हजारांहून अधिक मुलामुलींची पाहणी झाली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. बाहेरचा कार्यकर्ता असलेल्या शाळांत नैराश्याची लक्षणे कमी झाली, दादागिरी आणि मारामाऱ्या घटल्या, शाळेचे वातावरण मुलांना आपलेसे वाटू लागले. दुसऱ्या वर्षी हा फरक आणखी वाढला. शिक्षकांनी तेच काम केलेल्या शाळांत मात्र जवळजवळ काहीच बदलले नाही.

यात शिक्षकांना कमी लेखण्यासारखे काही नाही. एका शिक्षकाच्या मागे वर्ग, पेपर तपासणे, पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहिती भरणे असते; त्यात आणखी एक काम म्हणजे एक आणखी रजिस्टर. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. ज्याच्या हातात गुण आणि हजेरी आहे, ज्याची आपल्या वडिलांशी बाजारात गाठ पडते, त्याच्याजवळ चौदा वर्षांचे मूल घरातली मारहाण किंवा स्वतःबद्दलची घृणा कशी बोलून दाखवेल?

युरोपातल्या एका अभ्यासाचा कलही असाच दिसतो. दहा देशांतल्या १६८ शाळा आणि अकरा हजारांवर विद्यार्थी त्यात होते. धोक्याची चिन्हे ओळखण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना दिल्याने लक्षणीय फरक पडला नाही. मुलांशीच थेट काम केले, प्रसंग वठवून ताण आणि निराशेबद्दल बोलते केले, तिथे वर्षभरानंतर आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण सुमारे निम्मे होते.

हे सगळे नववी-दहावीतच का करायचे, याचे उत्तर मेंदूच्या वयात आहे. जगभरातल्या १९२ अभ्यासांची एकत्र छाननी करणाऱ्या २०२१ च्या एका शोधनिबंधानुसार, मानसिक विकार जडलेल्यांपैकी ३४.६ टक्क्यांमध्ये सुरुवात चौदाव्या वर्षाच्या आत झालेली असते आणि ६२.५ टक्क्यांमध्ये पंचविशीच्या आत. मधुमेह किंवा रक्तदाब चाळिशीत गाठतो, हा आजार मिसरूड फुटताना. पण त्या वयातले चिडणे, दार लावून बसणे, अभ्यासातले लक्ष उडणे हे ‘वयच तसे आहे’ या एका वाक्याखाली दबून जाते. ते बहुतेकदा वयाचेच असते, हेही खरे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, मित्र आणि आवडीच्या गोष्टी या सगळ्यांवर एकदम परिणाम दिसत असेल, तर मात्र वयावर ढकलून चालत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, सर्वाधिक महाराष्ट्रात. परीक्षेतल्या अपयशामुळे झालेल्या आत्महत्या त्या वर्षी सुमारे सव्वादोन हजार नोंदल्या गेल्या. निकालाच्या दिवशी आपण सगळे सावध होतो, समुपदेशनाचे क्रमांक छापून येतात. आकडे मात्र सांगतात की निकालाच्या दिवसाची सावधगिरी पुरेशी नाही.

मदत म्हणजे नेमके काय, याचे चांगले उदाहरण दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांत मिळते. तिथेही ‘संगाथ’नेच काम केले, तिथेही समुपदेशक विशेषज्ञ नव्हते. तीन आठवड्यांत चार-पाच भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या तासाच्या आत. पद्धत तीन पायऱ्यांची: अडचण नेमकी कोणती, त्यावर पर्याय कोणते, त्यातला एक करून पाहा. समजा, एक मुलगी म्हणते, ‘माझे डोकेच चालत नाही.’ बोलता बोलता कळते की घरात एकच खोली आहे, टीव्ही रात्री दहापर्यंत सुरू असतो आणि पाठ झाले नाही म्हणून सकाळी शाळेत बोलणी बसतात. ‘डोके चालत नाही’ यावर उपाय नसतो. ‘संध्याकाळी दोन तास बसायला जागा नाही’ यावर मात्र मावशीचे घर, वाचनालय, पहाटेचा तास असे पर्याय सुचू शकतात. या मुलांना सतावणाऱ्या अडचणींचा भार नुसत्या पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा अधिक हलका झाला. मानसिक लक्षणांवरचा परिणाम तितका ठळक नव्हता, हेही संशोधकांनी नोंदवले. तीव्र आजाराला ही पद्धत पुरी पडत नाही. तिथे मनोविकारतज्ज्ञच हवा.

आणखी एक गोष्ट दिसली. समुपदेशकाने वर्गात येऊन या विषयावर चर्चा घडवली, तेव्हा आपणहून मदत मागायला येणाऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. तरीही जागृतीचा प्रत्येक कार्यक्रम गुणकारी असतोच असे नाही. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांना ‘माइंडफुलनेस’ शिकवून पाहिले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत नेहमीच्या शिकवणुकीपेक्षा कोणताही फायदा आढळला नाही. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनी पोस्टर स्पर्धा घेऊन मोकळे होणाऱ्या शाळांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले. कोचिंग क्लासही त्यातून सुटलेले नाहीत. हे पद भरताना ‘आपल्याच एखाद्या सरांकडे अतिरिक्त कार्यभार’ अशी सोय निघण्याची शक्यता दाट आहे. नालंदातल्या त्या दुसऱ्या गटातल्या शाळांचा अनुभव नेमका त्याच सोयीचा आहे.

घरात पालकांना सर्वांत अवघड जाणारा प्रश्न म्हणजे ‘तुला जगणे नकोसे वाटते का?’ विचारले तर डोक्यात नसलेला विचार शिरेल, ही भीती जवळपास सगळ्यांना असते. संशोधनात तिला आधार सापडलेला नाही. सरळ, न रागावता विचारल्याने उलट मुलांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर उपदेश बाजूला ठेवावा, मुलाला एकटे सोडू नये, घरातली औषधे आणि कीटकनाशके त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रात्री-अपरात्री कोणी मिळत नसेल तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येते, आणि फोन मुलानेच करायला हवा असे नाही. आईवडील, मित्र किंवा शेजारीही करू शकतात.