माळावरचा शेजारी

हैदराबादहून गाडीने पुण्याला जाताना सोलापूर मागे पडलं की बाहेर बघण्यासारखं काही नाही असं समजून आपण डोळे मिटतो. पिवळं गवत, मुरूम, मधूनच बाभळी. पण इंदापूर-बारामतीकडचा हा माळ म्हणजे भारतीय लांडग्याचं घर. वाघासारखं त्याला घनदाट जंगल लागत नाही. लागतो तो मोकळा माळ, ससे-चिंकारा आणि पिल्लांसाठी ओढ्याकाठी एखादी कपार.

अडचण इथेच आहे. सरकारी कागदावर असा माळ बहुतेक वेळा ‘पडीक जमीन’ असतो. मग तिथे कारखाना येतो, प्लॉट पडतात, नाहीतर उत्साहाने झाडं लावली जातात. हो, झाडंसुद्धा! गवताळ माळावर झाडांची दाटी केली की तिथले प्राणी बेघर होतात, हे आपल्या शाळांच्या वृक्षारोपणात कुणी सांगत नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात लांडग्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत, जागा आहे. संख्या मात्र देशभरात साधारण तीन हजार. अभ्यासकांच्या अंदाजानुसार सर्वांत जास्त मध्य प्रदेशात, त्याखालोखाल राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रात. तेव्हा इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनी हा विषय पुण्याचा समजू नये. बेळगावकरांनीही नाही. कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातल्या बंकापूर इथे ३३२ हेक्टरांचं अभयारण्य खास लांडग्यांसाठी ठेवलं आहे. पण बहुतेक लांडगे अभयारण्याबाहेर, गावांच्या शिवेवरच राहतात.

म्हणूनच लांडग्यासाठी काम करणाऱ्यांचा निम्मा वेळ माणसांशी बोलण्यात जातो. पुण्यात मिहिर गोडबोले यांनी सुरू केलेली ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’ ही संस्था वन विभाग आणि संशोधकांच्या बरोबरीने हे काम करते. कॅमेरे लावणं, कळपांवर लक्ष ठेवणं हे आलंच. पण एक काम तुम्हाला सुचलंही नसेल: गावातल्या कुत्र्यांना लस टोचणं. कुत्र्यांचा डिस्टेंपर लांडग्यांनाही होतो, आणि एका आजारी कुत्र्यापासून अख्खा कळप संपू शकतो. शिवाय माळावर कुत्रे वाढले की लांडग्यांशी त्यांचा संकर होतो. पुण्याजवळ असा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्धही झालं आहे. उकिरड्यावरचं खरकटं आणि लांडग्याचं रक्त यांचा संबंध असा.

दुसरी बाजू धनगरांची. मेंढरू गेलं तर नुकसान त्यांचं होतं, शहरातल्या प्राणिप्रेमींचं नाही. तरी लांडगा आपला वाटा घेऊन जातो असं मानणारे मेंढपाळ आजही भेटतात. मला त्यांचं मोठं नवल वाटतं. पण त्यांच्या मोठेपणावर किती दिवस विसंबायचं? भरपाईची सोय आहे, मात्र वन खात्याला वेळेत कळवून पंचनामा व्हावा लागतो, आणि वाडा तर रोज पुढच्या गावाला निघालेला! ती कागदपत्रं करून देणारा स्वयंसेवक तिथे हवा असतो. तो नसला की पूर्वीसारखी बिळात धुरी जाते.

भीतीही खोटी नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बहराइचला लहान मुलं दगावली. त्या घरांना आकडेवारी सांगून काय उपयोग? पण त्या बातम्यांनंतर दूरच्या माळावरचा लांडगाही ‘नरभक्षक’ ठरला, हेही खरं.

त्याच वर्षी पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांत वन विभागाची गवताळ सफारी सुरू झाली. कडबनवाडी, शिर्सुफळ इथे गावातलीच मुलं वाटाड्या म्हणून सोबत येतात. पुढच्या वेळी पुण्याला जाल तेव्हा एक पहाट काढा. लांडगा दिसेलच असं नाही. दिसला तर गाडी त्याच्यामागे पळवू नका, आणि पिल्लांची जागा कळली तर फोटोसोबत ती इन्स्टावर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे दहा गाड्या येतात आणि मादी पिल्लं तोंडात धरून जागा बदलते.