कोयत्याला पाणी देणारे हात

पुण्याच्या वर्तमानपत्रांत ‘कोयता’ हा शब्द दिसला की पाठोपाठ ‘गँग’ येणारच, अशी वाचकांची आता समजूतच होऊन बसली आहे. वास्तविक कोयता हे अवजार. नारळ सोलणाऱ्याचे, ऊस तोडणाऱ्याचे. ऊसतोडीच्या व्यवहारात तर नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. पण २०२२-२३ च्या सुमारास मिसरूड न फुटलेल्या पोरांनी शहरात कोयते नाचवले. पोलिसांनी विक्रीवर नजर ठेवली, गिऱ्हाइकाचे आधार कार्ड पाहून नोंद करण्याच्या सूचना दुकानदारांना मिळाल्या. ते गरजेचेही होते. पण या गदारोळात कोयता घडवणाऱ्याची आठवण कुणालाच झाली नाही.

तो आपल्याला परका नाही. शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या कडेला एखादे पाल, जमिनीत रोवलेली ऐरण आणि विस्तवापुढे बसलेले जोडपे आपण पाहिलेले असते. हे घिसाडी. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. आपले मूळ ते चितोडचे सांगतात, घरात गुजराती-राजस्थानी वळणाची बोली बोलतात आणि गिऱ्हाइकाशी मराठी. गावच्या लोहाराला बलुते होते, वतन होते. घिसाड्याला फक्त रस्ता होता. पेरणीच्या आधी गावात यायचे, विळे-खुरपी घडवायची, बोथटलेले फाळ शेवटून द्यायचे आणि पुढच्या गावाला निघायचे.

स्वयंपाकघरातली सुरी घडवून घ्यावी म्हणून मी गेल्या हिवाळ्यात सोलापूर रस्त्याच्या कडेला अशाच एका पालाशी दोन तास बसलो होतो. कारागिराने पोत्यातून ट्रकच्या पाट्याचा तुकडा काढला. नवे लोखंड का नाही, असे विचारल्यावर तो हसला.

“साहेब, नवी सळई मऊ. तिला धार धरत नाही. पाटा म्हणजे पोलाद. लाखभर खड्डे खाऊन आलाय तो.”

त्याच्या बोलण्यात धातुशास्त्र आहे. बांधकामाच्या सळईत कर्ब जेमतेम पाव टक्का असतो, पाट्याच्या पोलादात अर्धा टक्का किंवा थोडा अधिक. जुन्या कानशीत तर एक टक्क्याच्याही वर. कर्ब पुरेसा असेल तरच पोलाद तापवून बुडवल्यावर कडक होते. घिसाडी हे टक्के मोजत नाही. तुकडा सहाणेच्या चाकावर धरून उडणाऱ्या ठिणग्यांना किती फाटे फुटतात ते पाहतो. आपल्या गाडीखालून निघालेले भंगार त्याच्याकडे असे दुसऱ्या जन्माला येते.

पाटा नारिंगी झाला तसा नवऱ्याने तो सांडशीने ऐरणीवर धरला. त्याच्या उजव्या हातात छोटा हातोडा, समोर उभ्या असलेल्या बायकोच्या दोन्ही हातांत घण. हातोडा जिथे टकटक करील तिथे घण पडायचा. तोंडाने एक शब्द नाही. घिसाड्यांत घण बाईच मारते. खरे बळाचे काम तिचे, पण कारागीर म्हणून नाव नवऱ्याचे.

आकार आल्यावर पाणी देण्याची वेळ आली. चेरीसारखी लाल झालेली सुरी धारेच्या बाजूने तेवढीच पाण्यात धरली. चर्र आवाज झाला. लगेच बाहेर काढून त्याने धार दगडावर घासली आणि तो रंग पाहत बसला. पाठीत उरलेली धग धारेकडे सरकते, पांढऱ्या धातूवर गवती पिवळा रंग चढतो. तो दिसताच सगळी सुरी पाण्यात. आधीच बुडवली तर धार काचेसारखी तडकते, उशीर झाला तर पुन्हा मऊ पडते. ही विद्या कुठल्या पुस्तकातून आलेली नाही. विदर्भात नायकुंडला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांना लोखंड गाळण्याची सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची भट्टी सापडली. लोखंडाशी आपली ओळख इतकी जुनी आहे.

मी कोयत्यांचा विषय काढला. घण खाली ठेवून बाई म्हणाली, “आता कोयता मांडायचीच भीती वाटती. गिऱ्हाइकाचा पत्ता लिहून घ्या म्हनत्यात. आमचाच पत्ता कुठं हाय, दादा?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुण्याने तांब्याच्या कारागिरांना कसब्यात तांबट आळी दिली. लोखंडाच्या या कारागिरांना आळी सोडाच, एक फूटपाथही हक्काचा नाही. अतिक्रमणाची गाडी आली की ऐरण उपटायची. बाजारात स्टेनलेस स्टीलची सुरी पन्नास रुपयांत मिळते, कोळसा महागलेला, आणि मुलांना या धंद्यात आणायचे नाही असे आई-बापच म्हणतात. त्यांना दोष कोण देईल?

हौशी मंडळी हाताने घडवलेल्या चाकूंना जगभर भरपूर पैसे मोजतात. आपल्याकडे तेच काम रस्त्याच्या धुळीत चालते आणि आपण त्यातही घासाघीस करतो. आठवडे बाजारात ओळखपत्रासह एक ठरलेली जागा, एवढे दिले तरी पुष्कळ होईल. पोलिसांच्या नोंदीलाही त्याने मदतच होईल, कारण पत्ता असलेला कारागीर गिऱ्हाइकाचा पत्ता ठेवू शकतो. कोयता कुणाच्या हाती पडेल याची काळजी शहराने जरूर करावी. तो कुणाच्या हातून घडतो, याचीही थोडी करावी.