दक्षिणेतले सारे गोरे एका मताचे नव्हते

मंडळी, एखाद्या गावाविषयी आपण सहज बोलून जातो, ‘तो सारा गाव तसलाच!’ पण त्या गावात चार दिवस राहून पाहावे, म्हणजे एकेका घरात दोन-दोन मते आढळतात. अमेरिकेच्या दक्षिण भागाचेही तसेच झाले.

तिथे कापसाच्या मळ्यांत कृष्णवर्णीय माणसे गुलाम म्हणून राबत. १८६१ ते १८६५ या काळात उत्तर व दक्षिण यांच्यात यादवी युद्ध झाले. दक्षिण हरली, आणि सुमारे ४० लाख माणसे गुलामीतून सुटली. बेडी तुटली खरी. पण मताचा हक्क, शाळा, न्याय यांचे काय? या प्रश्नावर गोऱ्यांत फूट पडली.

बड्या मळेवाल्यांना मजूर हातचा जाऊ द्यायचा नव्हता. १८६५ साली मिसिसिपी राज्याने कायदाच केला, की कृष्णवर्णीयाने कामावर असल्याचा लेखी पुरावा जवळ बाळगावा. नसला तर दंड. दंड भरता आला नाही तर त्याला दुसऱ्याकडे मजुरीला लावायचे!

डोंगराळ भागातल्या गरीब गोऱ्या शेतकऱ्यांची गोष्ट निराळी. पूर्व टेनेसीतले कितीतरी जण युद्धात उत्तरेच्याच बाजूने उभे राहिले होते. मळेवाल्यांची मिरास त्यांना डोळ्यांसमोर नको होती. पण कृष्णवर्णीय शेजारी बरोबरीने बसलेला पाहणे, हेही त्यांतल्या पुष्कळांना रुचेना.

काहींनी मात्र उघडपणे बाजू बदलली. जनरल लाँगस्ट्रीट हा दक्षिणेच्या सेनापती लीचा उजवा हात. १८६७ साली त्याने जाहीर सांगितले, की आपण हरलो आहोत, आता नवा कायदा मानू या. त्यात हिशेबही होता. नव्या मतदारांना आपण हाताशी धरले नाही, तर कारभार आपल्या हातून जाईल, असे त्याला वाटे. पण १८७४ साली न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने राज्य सरकारवर चाल केली, तेव्हा कृष्णवर्णीय शिपायांसह तो सरकारच्या बाजूने लढला आणि पकडला गेला. जुन्या सोबत्यांनी त्याला गद्दार ठरवले.

लेखक जॉर्ज केबल हाही दक्षिणेच्या फौजेतला माजी स्वार. १८८५ साली त्याने समान नागरी हक्कांची मागणी छापली. त्यावर एवढा गहजब झाला, की त्याच वर्षी तो बिऱ्हाड घेऊन उत्तरेत गेला. ‘दक्षिणेतले पुष्कळ गोरे मनातून माझ्याच मताचे आहेत, फक्त बोलत नाहीत,’ असा त्याचा विश्वास होता. म्हणून एका पुस्तकाला त्याने नावच दिले, ‘मूक दक्षिण’.

हे मूकपण महाग पडले. कू क्लक्स क्लॅनसारख्या टोळ्यांनी दहशत घातली. १८७७ साली केंद्राचे सैन्य बराकीत परतले. पुढे मतदानासाठी कर आणि वाचनाची परीक्षा आली. लुइझियाना राज्यात १८९६ साली सुमारे १,३०,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली उरले १,३४२. आणि गंमत पाहा, त्याच कराने गरीब गोऱ्यांचीही मते बुडाली. शेजाऱ्याच्या घराला आग लागली म्हणून जो स्वस्थ बसला, त्याच्याही वळचणीला ती पोचली. हे अडथळे मोडायला १९६५ सालचा मतदान हक्क कायदा यावा लागला, आणि तोही कृष्णवर्णीयांनी स्वतः लाठ्या-गोळ्या सोसून लढा दिला तेव्हा.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जन लोकांना अर्पण केले. गुरुजी, वर्गात ती अर्पणपत्रिका सांगाल तेव्हा पुढची ही हकीगतही जरूर सांगा. कायद्याने माणूस मोकळा होतो. पण तो मोकळा राहावा, यासाठी ज्यांना अन्याय दिसतो त्यांनी तोंड उघडावे लागते.