अरुंधती दिसेनाशी होते तेव्हा

लग्नाच्या रात्री गुरुजींनी उत्तरेकडे बोट करून अरुंधती दाखवली होती, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ती खरोखर दिसली का, असे कोणी विचारत नसे. नवरीने मान हलवायची, एवढाच शिरस्ता. सप्तर्षी म्हणजे आकाशात उडवलेला शेपटीचा पतंग. त्या शेपटीच्या टोकाकडून दुसरा तारा वसिष्ठ, आणि त्याला बिलगलेली बारीक ठिणगी म्हणजे अरुंधती. दोघांमधले अंतर पूर्णचंद्राच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून किंचित अधिक आहे. निकोप नजरेला, काळोख बरा असेल तर, ते सहज उकलते.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. मलकापुरात रात्री वीज गेली, म्हणून आम्ही सारे गच्चीवर जाऊन बसलो. सासूबाईंचे वय तेव्हा ७९. नातवाने सप्तर्षी विचारले, तर त्यांनी क्षणात बोट रोखले. मग बराच वेळ त्या तशाच पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "वसिष्ठ आहे. अरुंधती नाही." पुढचे आठ दिवस त्यांचे जेवणात लक्ष नव्हते. खोदून विचारले तेव्हा कळले की त्यांच्या आजीने सांगून ठेवले होते : ज्याला अरुंधती दिसत नाही, त्याचे दिवस भरत आले.

ही समजूत कोणा एका आजीची नव्हे. अरुंधती, ध्रुव आणि आकाशगंगा ज्याला दिसत नाहीत तो गतायुषी समजावा, अशा आशयाचा उल्लेख सुश्रुतसंहितेत आहे. परंतु त्याच ग्रंथात मोतीबिंदूवर शलाकेने करावयाची शस्त्रक्रियाही वर्णिली आहे, ही बाजू मात्र आपल्या आज्यांपर्यंत पोहोचली नाही! शिवाय आकाशगंगा आज मलकापुरातून कोणालाच धड दिसत नाही. ग्रंथाचा तो न्याय लावला तर महामार्गाच्या दिव्यांखाली राहणारे आपण सगळेच गतायुषी ठरू.

तेव्हा तारा दिसेनासा झाला तर आधी काळोख तपासावा आणि मग डोळे. उजेडातून बाहेर आल्यावर डोळ्यांना अंधार सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. उतारवयात त्याहून थोडी अधिकच. या वेळात मोबाइल एकदा उघडला की सारे पुन्हा पहिल्यापासून. तरुणपणी अंधारात सुमारे सात मिलिमीटर उघडणारी बाहुली सत्तरीनंतर बहुधा पाचच्या आतच राहते, त्यामुळे फिकट तारे थोडे हरवतात. हा वयाचा स्वाभाविक भाग झाला. मात्र एकच तारा दोन-तीन दिसणे, दिव्यांभोवती वलये उमटणे, समोरून येणाऱ्या वाहनाच्या झोताने काहीच न दिसणे, ही मोतीबिंदूची लक्षणे असू शकतात; नेत्रतज्ज्ञांकडे जावे. अचानक डोळ्यांपुढे ठिपक्यांचा वर्षाव झाला, वीज चमकल्यासारखे वाटले, किंवा पडदा सरकत असल्यासारखे दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

घरातील वृद्धांना आकाश दाखवू इच्छिणाऱ्यांस एक कळकळीची विनंती. त्यांना उभे राहून मान मागे टाकायला लावू नका. मानेचे दुखणे असणाऱ्यांस त्याने घेरी येते, आणि अंधारात घेरी म्हणजे पडणे आलेच. आरामखुर्ची किंवा अंगणातली बाज यांपरते उत्तम आसन नाही. गच्चीचा जिना अवघड असेल तर गच्चीचा हट्ट नको. पडून पाहिल्यावर एकदम उठू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर आधी मिनिटभर बसावे, मगच पाय जमिनीला लावावे. विजेरीच्या तोंडाला लाल कागद बांधला की पायाखालचे दिसते आणि सरावलेली नजरही मोडत नाही.

दुर्बीण घ्यायचीच तर आधी दोन्ही डोळ्यांनी पाहण्याची, म्हणजे बायनॉक्युलर, घ्यावी. तिच्यावर दोन आकडे असतात. मोठ्याला लहानाने भागावे. येणारा आकडा म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. ७×५० मध्ये ती सात मिलिमीटर येते, वृद्धांच्या बाहुलीत ती मावतच नाही, पैसे वाया. ८×४० पुरे, आणि हाताला हलकीही. हातांना कंप असेल तर कोपरे खुर्चीच्या हातांवर टेकवावीत. सूर्याकडे मात्र कोणत्याही दुर्बिणीतून कधीही पाहू नये.

या छंदाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकात लिहिलेल्या 'ज्योतिर्विलासा'चे दुसरे नावच मुळी 'रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे; वृद्धांच्या बैठकीला अगदी बेताची. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था मानली जाते. सप्तर्षींचा हा पट्टा आपल्यापासून सुमारे ऐंशी प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज दिसणारे वसिष्ठ-अरुंधतीचे किरण निघाले ते साधारण त्या संस्थेच्या जन्मकाळी, आणि सासूबाईंच्याही. हे ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "मग वाटेत एवढी वर्षे काढलीन् आणि शेवटच्या हातभर अंतरावर अडली होय?"

अडली होती ती मोतीबिंदूपाशी, दोन्ही डोळ्यांच्या. पावसाळ्यात, एकामागून एक, शस्त्रक्रिया झाल्या. पण तोवर आकाश ढगांनी झाकले होते, आणि ढग सरेपर्यंत सप्तर्षी संध्याकाळच्या आकाशातून उतरले होते. दिवाळीनंतर ते पहाटे ईशान्येला उगवू लागतात. पहाटे चारला जाग येणे ही वृद्धांची नेहमीची तक्रार. त्या दिवसांत ती सोयीची झाली.

नोव्हेंबरातल्या एका पहाटे पाचच्या सुमारास त्या शाल पांघरून अंगणात खुर्चीवर बसल्या. मी रस्त्यावरच्या दिव्याच्या आड उभी राहिले. पाचेक मिनिटे काहीच बोलणे नाही. मग खुर्चीचा हात हलकेच थोपटून म्हणाल्या, "आहे गं बाई. नवऱ्याशेजारीच आहे. त्या पोराला उठव, आणि चहा टाक."