तीच गोळी, दुप्पट औषध

खेळताना गुडघा खरचटला तर थोडे रक्त येते आणि काही मिनिटांत आपोआप थांबते. रक्त गोठण्याचा हा गुण आपला रक्षकच आहे. पण गुठळी शरीराच्या आतच तयार झाली तर? हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांचे, म्हणजे अलिंदांचे, आकुंचन अनियमित झाले की तेथे रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती वाहत मेंदूत गेली की पक्षाघात होतो. म्हणून अशा रुग्णांना डॉक्टर 'रक्त पातळ करणारी' औषधे देतात. खरे पाहता या औषधांनी रक्त पातळ होत नाही. ते गोठायला अधिक वेळ लागतो, एवढेच.

या औषधांचे रक्तातील प्रमाण नेमके राखावे लागते. कमी पडले तर गुठळीची भीती, जास्त झाले तर रक्तस्रावाची. हे प्रमाण कशावर ठरते? गोळीवर, असे तुम्ही म्हणाल. पण ते उत्तर अर्धेच आहे. शरीरात औषध किती आले याबरोबरच किती बाहेर गेले, हेही पाहावे लागते.

बाहेर जाण्याची एक मोठी वाट म्हणजे मूत्रपिंडे. ती दिवसाकाठी रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक परत शोषून घेतात आणि दीड लिटरच्या आसपास मूत्र बाहेर टाकतात. डॅबिगॅट्रान नावाचे औषध रक्तात आल्यावर त्याचा सुमारे ८० टक्के भाग याच वाटेने जातो.

आता थोडे गणित करू. समजा, दर १२ तासांनी १०० भाग औषध रक्तात येते. पुढच्या गोळीपर्यंत त्यातले निम्मे बाहेर पडते. दुसऱ्या गोळीनंतर रक्तात १५० भाग होतील, तिसरीनंतर १७५, आणि शेवटी आकडा २०० पाशी स्थिरावेल. कारण तेथे जितके जाते तितकेच येते. आता मूत्रपिंडे क्षीण झाली आणि १२ तासांत चतुर्थांशच औषध बाहेर पडू लागले, तर? १००, १७५, सुमारे २३१... वहीत पुढे मांडून पाहा. आकडा ४०० पाशी जाऊन थांबेल. गोळी तीच, वेळही तीच. पण रक्तातले औषध दुप्पट! हे उदाहरण वस्तुस्थितीला धरूनच आहे. रक्तातील डॅबिगॅट्रान निम्मे होण्यास निरोगी माणसात सुमारे १२ ते १४ तास लागतात. मूत्रपिंडे फार क्षीण असतील तर सुमारे २७.

त्यात आणखी एक भर पडते. जखमेचे तोंड प्रथम रक्तबिंबिका बुजवतात. मूत्रपिंडांनी न टाकलेली टाकाऊ द्रव्ये रक्तात साठली की या बिंबिका मंदावतात. म्हणजे रक्तस्रावाचा धोका दोन्हीकडून वाढतो.

मग डॉक्टर काय करतात? स्नायूंतून रक्तात येणारे क्रिएटिनिन मूत्रपिंडे बाहेर टाकतात. म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण तपासतात. पण कृश वृद्धाचे स्नायूच थोडे, त्यामुळे क्रिएटिनिनही थोडे. मूत्रपिंडे थकलेली असूनही आकडा चांगला दिसू शकतो. यासाठी कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ साली दिलेल्या सूत्रात वय आणि वजनही धरले जाते. त्यावरून डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. अ‍ॅपिक्सॅबॅनचा सुमारे चतुर्थांश भागच मूत्रपिंडांतून जातो, तर वॉरफरिन मुख्यतः यकृतात मोडले जाते.

तुमच्या घरी आजी-आजोबा असे औषध घेत असतील, तर ते मनाने बंद करू नये. गुठळीचा धोका टळलेला नसतो. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळीही विचारल्यावाचून घेऊ नये. ती रक्तस्राव वाढवते आणि मूत्रपिंडांनाही अपाय करते. हिरड्यांतून वारंवार रक्त आले, शौचास काळे झाले किंवा डोक्याला मार लागला, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. आणि मूत्रपिंडांची तपासणी शेवटची केव्हा झाली, हे त्यांना आज जरूर विचारा.