डोळे दुधाळले की हात आवरा

नीरा डाव्या कालव्यावर भिजणाऱ्या पट्ट्यात मोटरच्या खोलीत, कडब्याच्या गंजीखाली किंवा विहिरीच्या दगडांच्या सांदीत कधी सापाची कात सापडली नाही, असा शेतकरी विरळा. कुणी ती बरकत म्हणून पेटीत ठेवतं, कुणी धास्तीने लगेच जाळून टाकतं. त्याआधी दोन मिनिटं ती निरखून पाहिली तर बरंच कळतं. कातीच्या शेपटीचं टोक जिकडे, साप बहुधा तिकडे गेलेला असतो. पायातून मोजा काढावा तशी कात उलटी होत निघते. तोंडाकडची कड कुठेतरी अडकून मागे राहते, साप पुढे सरकत जातो आणि शेपूट सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत पुढे मोकळं होतं.

लांबीवरून मात्र अंदाज बांधू नये. खवल्यांच्या मधली दुमडलेली त्वचा निघताना ताणली जाते, त्यामुळे कात सापापेक्षा बरीच लांब भरते. आठ फुटी कातीचा साप आठ फुटी नसतो. खवले जास्त खरं सांगतात. मण्यारीच्या कातीवर पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची सलग ओळ दिसते. घोणशीच्या पाठीवरच्या खवल्यांवर मधून एक उभी धार असते, ती बोटाला जाणवते. आणि पाठीवर गुळगुळीत बारीक खवल्यांची दाट जाळी असलेली, दंडाएवढी रुंद कात हाती आली, तर ती अजगराची असण्याची शक्यता मोठी.

‘कात टाकणे’ हा वाक्प्रचार मराठीत उत्साहाचा आहे. रस्ते रुंद झाले, चौक सजले की ‘बारामतीने कात टाकली’ असा मथळा छापून येतो. सापाच्या दृष्टीने मात्र हे दिवस उत्साहाचे नसतात. उलट, त्याच्या आयुष्यातले हे सगळ्यांत हतबल दिवस म्हणायला हवेत.

सापाची बाहेरची त्वचा केराटिनची असते, म्हणजे आपली नखं ज्या द्रव्याची बनतात त्याचीच. जुना थर झिजतो, आखडू लागतो, तेव्हा त्याच्याखाली नवा थर तयार होतो आणि दोन्हींच्या मध्ये पातळ द्रव झिरपतो. अंगावरची नक्षी मळकट दिसू लागते, तकाकी जाते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो. द्रव या खवल्याखालीही साचतो आणि डोळे दुधाळ, निळसर होतात. सापाला त्या दिवसांत जवळजवळ दिसत नाही. तो खाणं सोडतो, ओलसर अंधाऱ्या जागी दडून बसतो, अंगाला स्पर्श झाला तर दचकून फूत्कारतो.

मग अचानक डोळे पुन्हा स्वच्छ होतात. पहिल्यांदा साप पाळणारा इथे हमखास फसतो. त्याला वाटतं, संकट टळलं. प्रत्यक्षात कात सुटायला अजून काही दिवस असतात. मधला द्रव शोषला गेलेला असतो, एवढंच. त्यानंतर साप दगडावर, खोडावर नाक घासतो, ओठाशी कात फाटते आणि तो तिच्यातून सरकत बाहेर येतो. सगळं मिळून आठवडा ते दोन आठवडे जातात. वाढत्या वयाचा अजगर महिना-दीड महिन्याने कात टाकतो, पूर्ण वाढलेला वर्षातून मोजक्याच वेळा.

या साऱ्याला एकच गोष्ट भरपूर लागते, ती म्हणजे ओलावा. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. सुप्याकडच्या जिरायत भागात मयूरेश्वर अभयारण्याचं माळरान आहे, तिथे चिंकारा चरतात आणि उन्हाळ्यात हवा अंग कोरडं करून टाकते. बागायत पट्ट्यात चित्र वेगळं. इंग्रजांच्या काळात, १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि पुढे त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी इंदापूरच्या शिवारात पसरलं. उसाच्या फडात सावली, पाचटाखालचा दमटपणा आणि भरपूर उंदीर-घुशी एकाच ठिकाणी मिळतात. अजगराला आणखी काय हवं? कात यायच्या दिवसांत तो पाण्यात तासन् तास पडून राहतो. रानातल्या धडधाकट अजगराला कात टाकायला माणसाची मदत लागत नाही.

लागते ती पेटीतल्या सापाला. पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्या रानातला अजगर पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याची नोंद आहे, म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच त्याला. तो पकडून घरी ठेवणाऱ्याला किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते, आणि ती सात वर्षांपर्यंत वाढू शकते. शहरांतल्या घरांमध्ये ‘पाळीव अजगर’ म्हणून असतो तो बहुधा बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, चार-पाच फुटांचा लाजाळू साप. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं मधोमध लपवतो, म्हणून हे नाव. त्याच्यावरही आता कायद्याची नजर आहे. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करणं बंधनकारक झालं. कागद नसलेला साप हौसेने विकत घेणारा अडचणीही विकत घेतो.

नोंदणी असो वा नसो, पेटीत बंद केलेल्या सापाला स्वतःहून ओल शोधायला जाता येत नाही. वर दिव्याची ऊब, बाहेर पंखा नाहीतर एसी, त्यात मार्च-एप्रिलची कोरडी हवा. अशा वेळी कात चिंध्या-चिंध्यांनी निघते, मानेवर कडं अडकतं, पोटाखाली चिकटून राहते. तुकड्यांनी निघालेली कात हे बहुतेक वेळा कोरडेपणाचं लक्षण असतं. कधी कारण दुसरं असतं: खवल्यांखाली बसलेले गोचीड किंवा सूक्ष्म परजीवी, जुन्या जखमेचा वण, अपुरं खाणं, शरीरातलं पाणी कमी होणं. एकदा असं घडलं तर ओल वाढवून भागतं. दर वेळी घडू लागलं तर साप आजारी आहे, असं समजून चालावं.

बॉल पायथनच्या पेटीत एरवी ५० ते ६० टक्के आर्द्रता पुरते. डोळे दुधाळले की ती ७० च्या पुढे न्यावी लागते. त्यासाठी सबंध पेटी चिखल करण्याची गरज नाही. सतत ओल्या तळावर पडून राहिलेल्या सापाच्या पोटाला फोड येतात, बुरशी लागते. उत्तम उपाय म्हणजे पेटीत एक ओला डबा ठेवणं. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, साप आत जाईल एवढं भोक पाडून त्याची कड घासून गुळगुळीत करावी आणि आत ओलं शेवाळ किंवा कोकोपीट भरावं. रोपवाटिकेत मिळतं ते कोकोपीट चालतं, फक्त खत मिसळलेलं नको. मुठीत पिळल्यावर पाणी गळणार नाही इतपतच ओल असावी. शेजारी साप वेटोळं घालून बसू शकेल असं पाण्याचं पसरट भांडं हवं, आणि नाक घासायला एखादं खडबडीत लाकूड किंवा दगड. या दिवसांत खायला घालू नये, हाताळू तर मुळीच नये.

एवढं करूनही कात अडकली तर कोमट पाणी. कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला गरम न वाटणारं, २८ ते ३० अंशांचं, सापाच्या अंगाच्या निम्म्या उंचीपर्यंतच. त्यात वीस-तीस मिनिटं त्याला बसू द्यावं, तोवर शेजारून उठू नये. साप पोहतात, पण दमलेला साप बुडूही शकतो. मग ओला टॉवेल सैल हाताने धरून त्याच्या घडीतून सापाला आपणहून सरकू द्यावं. टॉवेलच्या खरखरीतपणाने कात सुटते. सापाच्या वेगाने सुटते, माणसाच्या नव्हे, आणि या कामात सगळ्यांत महत्त्वाचं आहे ते हेच.

कारण माणसाचा हात शिवशिवतो. कातीची सुटलेली कड दिसली की ती ओढावीशी वाटतेच. पण खालचा थर तयार झालेला नसेल तर कातीबरोबर कोवळी त्वचाही सोलली जाते, रक्त येतं आणि तिथे पडलेला वण पुढच्या प्रत्येक कातीला अडतो. तेल, व्हॅसलीन, बाळाला लावायचं क्रीम यांतलं काहीही लावू नये.

दोन जागा विशेष नाजूक आहेत. पहिली डोळा. डोळ्यावरची जुनी चकती राहिली तर नखाने किंवा चिमट्याने तिच्या वाटेला जाऊ नये. चकतीबरोबर डोळाच निकामी होऊ शकतो. ओल वाढवून पुढच्या कातीची वाट पाहावी, तेव्हाही निघाली नाही तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा. दुसरी जागा शेपटीचं टोक. तिथे अडकलेलं कातीचं कडं सुकत जातं तसं आवळतं. बोटाला दोरा घट्ट बांधावा तसा रक्तपुरवठा थांबतो आणि टोक काळं पडून गळून जातं. म्हणून निघालेली कात फेकण्याआधी पसरून पाहावी. डोक्याच्या भागात दोन गोल चकत्या आहेत ना, शेपटीचं टोक शाबूत आहे ना?

शिवारात सापडलेल्या सापाला यातलं काहीही करायचं नसतं. ऊसतोडीच्या वेळी मळकट रंगाचा, दुधाळ डोळ्यांचा, सुस्त साप समोर आला की ‘अजगराचं पिल्लू दिसतंय, आजारी आहे’ असं म्हणत कुणीतरी पुढे होतं. ही चूक जिवावर बेतते, कारण घोणसही जाडजूड आणि सुस्तच दिसते. तिच्या पाठीवर गडद कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन साखळ्या असतात, तर अजगराच्या अंगावर वेडेवाकडे मोठे पट्टे आणि डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण. पण कात यायच्या दिवसांत ही नक्षी धूसर होते, म्हणजे ओळख पटवणं नेमकं तेव्हाच अवघड. घोणशीचा फूत्कार कुकरच्या शिट्टीसारखा जोरकस असतो, तो ऐकू येईपर्यंत जवळ जाण्याची वेळच येऊ देऊ नये. तोड तेवढ्या सरीपुरती थांबवून वन विभागाच्या १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर फोन करावा. सापाला निघून जायला मोकळी वाट दिसली, तर अनेकदा तो माणसं येण्याआधीच ती धरतो.

मदतीची खरी गरज असते ती जाळ्यात अडकलेल्या सापाला. डाळिंबाच्या बागेभोवतीची नायलॉनची जाळी, उजनीच्या काठावर टाकून दिलेली मासेमारीची जाळी यांत शिरलेला साप पुढे जायला धडपडतो आणि धागा खवल्यांखाली रुततो. तोही ओढून काढू नये. सापासकट जाळीचा तुकडा कापून प्रशिक्षित माणसाच्या हाती देणं बरं. अशी जखम झालेला साप नेहमीपेक्षा लवकर-लवकर कात टाकतो आणि प्रत्येक कातीगणिक जखम थोडी भरत जाते. उपचार केंद्रात अशा सापाला आठवडेच्या आठवडे ठेवतात, त्यामागे हेही एक कारण असतं. फडातलं पाचट न जाळता कुजवलं तर जमिनीचा फायदा होतो हे शेतकऱ्याला ठाऊक आहे; कात यायची म्हणून त्याखाली आंधळा होऊन बसलेला जीवही त्याने वाचतो.

आणि मोटरच्या खोलीत सापडलेली ती कात? नुकतीच निघालेली कात ओलसर, मऊ असते, बोटाला किंचित चिकटते. काही तासांत ती सुकून कागदासारखी कुरकुरते. कुरकुरीत असेल तर ती पसरून चकत्या मोजायला हरकत नाही. ओली लागली तर स्टार्टरला हात न लावता आल्या पावली बाहेर यावं, दार उघडं ठेवावं आणि मोटर थोडी उशिरा सुरू करावी.